टोकावरचा ठोकळा

बाबांनी तिच्या हातात साबण दिला आणि ते वळले. एवढंच झालं. ओला, वापरून वापरून पातळ झालेला, कडेला एक केस चिकटलेला अंघोळीचा साबण. ती पॅसेजच्या टोकाला, बाहेरच्या दाराला पाठ लावून उभी होती आणि फोनवर दादाशी बोलत होती. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, पलीकडून सांगत होता की मी निघालोय, गाडी घेऊनच येतोय, बाबांचे कपडे भरून ठेव, औषधं वेगळी ठेव, आणि त्यांना आधीपासून काही सांगत बसू नकोस. ती हो हो म्हणत होती. मधेच हा साबण. तो आपण का घेतला हे तिचं तिलाही कळलं नाही. समोरच्यानं काही पुढं केलं की आपला हात आपसूक पुढं होतो, तसा झाला. बाबांनी रिकामा झालेला हात विजारीला पुसला, तिच्याकडे न बघता ते गर्रकन नव्हे, सावकाश, पण न अडखळता वळले आणि पॅसेजच्या दुसऱ्या टोकाकडे, गॅलरीकडे चालू लागले. गेल्या कित्येक महिन्यांत ते या टोकाला असे वळले नव्हते. इथं आले की थबकायचे, भिंतीकडे बघत राहायचे, हातातली वस्तू कुठंतरी जमिनीवर टेकवायचे, मग कासावीस होऊन दाराची कडी ओढायला लागायचे. आज नाही. "ऐकतेयस ना छबे?" दादा म्हणाला. "साबण," ती म्हणाली. "अगं देतात तिथे साबण. सगळं देतात. ठेव आता फोन."

फोन ठेवून ती हातातल्या साबणाकडे बघत राहिली. पन्नाशी ओलांडलेली बाई, कॉलेजात गणित शिकवणारी, विद्यार्थ्यांमध्ये कडक म्हणून प्रसिद्ध, आणि साबणावरून नजर हलेना. कारण असं वळणं तिनं आधी पाहिलं होतं. अगदी हेच. रोज पाहत होती, आपल्या खोलीत, दार लावून, लॅपटॉपच्या पडद्यावर. फक्त तिथं वळणारा माणूस नव्हता, ठिपक्यांचा एक पुंजका होता, आणि त्याला तिनं स्वतःशीच नाव ठेवलं होतं, हेलपाट्या.

तिचं सगळं संशोधन त्या हेलपाट्यापायी अडून बसलं होतं. सांगायला गेलं तर पोरखेळ. ग्राफपेपरसारखी चौकटींची जमीन, कुठंच न संपणारी. प्रत्येक चौकट पेटलेली तरी असायची नाहीतर विझलेली. दर ठोक्याला प्रत्येक चौकटीनं आपल्याला चिकटलेल्या आठ शेजारणींकडे बघायचं, त्यांतल्या किती पेटल्या आहेत ते पाहायचं, आणि पुढच्या ठोक्याला आपण पेटायचं की विझायचं ते ठरवायचं. सगळ्यांनी एकदम. कुणी पुढारी नाही, कुणी हुकूम सोडणारा नाही, लांबचं कुणालाच दिसत नाही. विभागप्रमुख तिला चिडवायचे, "काय मॅडम, काय म्हणतेय तुमची ठिपक्यांची वस्ती? पाणी येतं का नळाला?" ती हसून सोडून द्यायची. त्यांना काय सांगणार, की तरुणपणी पहिल्यांदा या वस्तीत एक पुंजका फुटला, विस्कटला, पार ओळखू येईनासा झाला आणि मग एकेक ठिपका गोळा करत पुन्हा मूळ रूपात येऊन उभा राहिला, तेव्हा तिच्या अंगावर सरसरून काटा आला होता. त्याला कुणी परत यायला सांगितलं नव्हतं. परत येणं म्हणून काही असतं हे त्यातल्या एकाही चौकटीला ठाऊक नव्हतं. तरी तो आला. त्या दिवशी ती चहा प्यायची विसरली आणि खिडकीशी उभं राहून रस्त्यावरच्या माणसांकडे, दुकानांच्या उघडझाप करणाऱ्या दिव्यांकडे असं बघत राहिली, जणू हे सगळं कुणीतरी आत्ताच, तिच्यासमोर, मांडलं होतं. देव वगैरे तिनं कधी मानला नाही. पण तेव्हा हात जोडावेसे वाटले होते, आणि कुणापुढे ते न कळल्यामुळे तिनं ते पदराखाली लपवल्यासारखे काखेत धरले होते.

हेलपाट्याची गोष्ट थोडी वेगळी. तो एका बाजूला सरकत जायचा, आपल्या वाटेच्या टोकाला पोचला की वळायचा, पण वळताना मागं थोडा कचरा टाकून जायचा. चारदोन ठिपके, एका जागी निपचित बसलेले. मग तो दुसऱ्या टोकाला जायचा, तिथंही वळायचा, परत यायचा आणि आपणच टाकलेल्या कचऱ्यावर आपटायचा. एकदा आपटला की संपलं. दूध उतू जावं तसं सगळं भसाभस वर यायचं, चहूकडे पसरायचं आणि मग विझायचं. त्याला वाचवायचं म्हणजे टोकाला एखादा स्थिर ठोकळा, म्हणजे जागचा न हलणारा ठिपक्यांचा पुंजका, अशा बेतानं ठेवायचा, की हेलपाट्या वळताना जो कचरा टाकेल तो त्या ठोकळ्यानं परस्पर गिळून टाकावा. रस्ता मोकळा. मग तो जन्मभर झुलत राहील. थांबवायचं नाही त्याला, झुलणं टिकवायचं. एका टोकाचा ठोकळा तिला फार पूर्वी मिळाला होता. दुसऱ्या टोकाचा मिळेना. तिनं एक प्रोग्रॅम लिहून ठेवला होता, तो वर्षानुवर्षं एकेक ठोकळा त्या टोकाला ठेवून पाहत होता आणि बाद करत होता. कॉलेजातून येऊन हातपाय धुतले की ती आधी पडद्याकडे बघायची. नाही. मग बाबांकडे बघायची, त्यांचं खाणंपिणं, गोळ्या, दिवसभराच्या मदतनीस बाईंचं म्हणणं, सगळं नीट विचारून घ्यायची, आणि खोलीत जाऊन दार लावून घ्यायची.

साबण न्हाणीघरात ठेवून ती परत पॅसेजच्या टोकाला आली, तोवर बाबाही गॅलरीतून परतले होते. गॅलरीच्या टोकाला त्यांना कधीच अडचण नसायची. तिथं कठड्याला पोट टेकवून ते खालची वाहनं बघायचे, बघता बघता आपण कशाला आलो ते विसरायचे आणि वळायचे. येताना मात्र वाटेतल्या कुठल्यातरी खोलीत हात घालून काहीतरी उचलायचे. आत्ता त्यांच्या हातात तिची एक चप्पल होती. त्यांनी ती पुढे केली. तिच्यातली गणित शिकवणारी बाई जागी झाली आणि तिनं हात मागं बांधले. बघू काय होतं. बाबा थांबले. चप्पल तशीच पुढं धरलेली. त्यांच्या भुवईवरच्या टाक्यांची खूण अजून लाल होती. चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य आलं, मग ओठ हलायला लागले, मग डोळ्यांत ती भीती, जी तिला बघवायची नाही. त्यांनी वाकून चप्पल पॅसेजच्या मधोमध ठेवली आणि दाराच्या कडीला हात घातला. "उघडा," ते म्हणाले, "मला जायचंय, उघडा ना, बाई." पोटच्या मुलीला बाई. तिनं घाईघाईनं चप्पल उचलून छातीशी धरली. "मिळाली हो बाबा, मिळाली चप्पल. हीच शोधत होते मी." त्यांचा हात कडीवरून सुटला. चेहरा निवळला, आणि ते वळले.

तिला रडू आलं आणि त्याच वेळी काहीतरी अफाट कळण्याच्या अगदी जवळ आपण आलो आहोत असं वाटलं. याच जागी आई बसायची. दारावरच्या झरोक्यातून उजेड चांगला येतो म्हणून स्टूल टाकून, मांडीवर कुणाच्या तरी विजारीची उसवलेली शिवण घेऊन, तोंडात टाचण्या धरून. बाबांचं हे चालणं आई असतानाच सुरू झालं होतं. नगरपालिकेत नकाशे काढण्यात हयात गेलेला, रेघ केसभर हलली तर कागद फाडून नवा घेणारा माणूस एक दिवस जेवणाच्या ताटावरून उठला आणि चालायला लागला, तो थांबेचना. दादानं डॉक्टर गाठले, तिनं पुस्तकं वाचली. आई फक्त स्टूल घेऊन तिथं जाऊन बसली. बाबा यायचे, तिच्या हातात काहीतरी द्यायचे. चमचा, उशीचा अभ्रा, एकदा तर शेजाऱ्यांच्या दारातलं पायपुसणं. "बरं झालं आणलंत," आई म्हणायची. घ्यायची, बाजूला ठेवायची. बाबा वळायचे. तिला तेव्हा आईचा राग यायचा. हे असे लाड करून तूच त्यांची सवय वाढवतेस, असं ती एकदा तोडून बोललीही होती. आई टाचण्यांतून हसली होती फक्त. आणि आई गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, शेवटी शेवटी आई काही करत नव्हती हो, नुसती बसलेली असायची. नुसती बसलेली! शिकलेल्या मुलीच्या तोंडून निघालेलं ते वाक्य आज तिला कानाखाली वाजवल्यासारखं लागलं.

कारण आई गेल्यावर काय झालं ते तिच्यासमोर होतं. बाबा या टोकाला यायचे, घेणारं कुणी नसायचं, वस्तू जमिनीवर टेकायची आणि ते कसेबसे वळायचे. पुढच्या फेरीला त्याच वस्तूवर ठेचकाळायचे. तिनं आपल्या परीनं सगळं केलं होतं. जाजम काढलं, टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज लावला, मदतनीस बाईंना "त्यांना बसवून ठेवत जा" म्हणून बजावलं. एका सकाळी त्यांनी न्हाणीतली बादली आणून दाराशी ठेवली आणि परत येताना तिच्यावरच कोसळले. भुवई फाटली. रक्त बघून दादा हादरला. मग दोघं बहीणभाऊ ते घर बघायला गेली होती, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं, शहराबाहेरचं. स्वच्छ, हवेशीर, नावं ठेवायला जागा नाही. दिवाणखान्यात ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला समोरून एक फळी, फळीवर पाण्याचा पेला. "इकडे आले की स्थिर होतात सगळे," तिथल्या बाई आपुलकीनं म्हणाल्या होत्या. तिला तेव्हा किती हायसं वाटलं होतं. त्या ओळीतला एक म्हातारा फळीवर बोटं पुढं-मागं, पुढं-मागं सरकवत होता, ते तिला दिसलं होतं आणि तिनं नजर पेल्याकडे वळवली होती.

बाबा पुन्हा आले. या खेपेला हात मोकळेच होते. ते तिच्याजवळ, अगदी नको इतके जवळ आले, आणि त्यांनी शांतपणे तिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला. "बाबा!" ती ओरडली. पॅसेज विरघळला. भिंती, दारं, गॅलरीतला उजेड, सगळं एकमेकांत कालवलं गेलं आणि त्यात एक करडी आकृती लांब लांब जाताना दिसली. तिला संताप आला. तिथून धावत जावं, चष्मा हिसकावून घ्यावा, सांगावं की मला दिसत नाही हो, माझं काम आहे, माझं आयुष्य आहे, सगळं तुमच्याभोवती किती फिरवायचं! तिची बोटं दाराच्या चौकटीवर घट्ट आवळली गेली. ती हलली नाही, कारण हलायचं तर दिसायला हवं होतं. धुक्यात उभं राहून ती नुसते श्वास मोजत राहिली. चालण्याचा आवाज गेला, थांबला, परत यायला लागला. करडी आकृती मोठी झाली, बाबांचा वास आला, साबणाचा आणि झोपेचा, आणि तिच्या हातात चष्मा ठेवला गेला. "हा तुमचा," बाबा म्हणाले. वळले. तिनं चष्मा घातला. भिंती जागच्या जागी आल्या.

आणि मग तिला आई दिसली. स्टुलावर नुसती बसलेली नव्हे, खरी. बाबा आले की आईची टीप चुकायची. दोरा सुईतून निघायचा, मांडीवरची विजार घसरायची. कधी बाबा तिची कात्रीच उचलून न्यायचे, कधी तिच्या केसांतली पिन. एकदा त्यांनी तिला विचारलं होतं, तुम्ही कोण? आणि आईचा चेहरा असा झाला होता की ओळखू येईना. हे सगळं तिनं आपल्या खोलीच्या दारातून पाहिलं होतं. "झालं, गेली टीप," आई पुटपुटायची, चष्म्याच्या काचा पदराला पुसायची, दोरा ओवायची, पाठ सरळ करायची. बाबा गॅलरीतून परतेपर्यंत ती पहिल्यासारखी बसलेली असायची. दर फेरीला ती मोडत होती. दर फेरीला, ते परत यायच्या आत, ती पुन्हा पूर्ण होत होती. आणि बघणाऱ्याला वाटत होतं, ती हललीच नाही.

ती धावत खोलीत गेली. लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला, कधीकाळी मोठ्या अभिमानानं लिहिलेली अट होती, ठोकळ्यातली एकही चौकट एका ठोक्यापुरतीही बदलली तर ठोकळा बाद. ढळला की बाद. तिला तेव्हा ते इतकं उघड वाटलं होतं की पुन्हा तिकडे वळून बघायचं सुचलंच नाही; स्थिर म्हणजे स्थिर, त्यात काय बघायचं? म्हणजे इतकी वर्षं प्रोग्रॅम नेमके तेच ठोकळे फेकून देत होता. कचरा अंगावर घेऊन क्षणभर विस्कटणारे, आणि मग आपणहून जागेवर येणारे. आणि ती स्वतः? बाबांचं सगळं करीन, पण माझं दार लावून घेईन, माझा एकही ठिपका हलता कामा नये, ही अट तिनं फक्त लॅपटॉपमध्येच घातली नव्हती. तिनं ती ओळ खोडली. तिच्या जागी लिहिलं, बदलला तर चालेल. हेलपाट्या परत येण्याआधी पूर्ववत झाला पाहिजे. लॅपटॉप तसाच उघडा उचलून ती पॅसेजच्या टोकाला आली आणि दाराशी फतकल मारून बसली. बाबांनी गॅलरीतून आणलेला कपड्यांचा चिमटा तिनं एका हातानं घेतला आणि दुसऱ्या हातानं प्रोग्रॅम सुरू केला.

दादा आला तेव्हा त्याला दार उघडेना. "छबे, दाराशी काय आहे?" "मी आहे," ती म्हणाली आणि सरकली. फटीतून आत शिरून तो बघत राहिला. बहीण जमिनीवर बसलेली, मांडीवर लॅपटॉप, भोवती चिमटे, गाळणी, उशी, कंगवा. "हे काय मांडलंयस? कपडे भरलेस का?" "नाही भरले. दादा, बस जरा." "बसायला वेळ नाही, खाली गाडी उभी आहे." "बस म्हणते ना." तो बसला, गुडघे मोडत, कुरकुरत. बाबा आले. थोरल्या मुलाकडे त्यांनी पाहिलं, काही उमटलं नाही, आणि त्यांनी छबीच्या हातात एक पेला दिला. "वा, छान," ती म्हणाली. ते वळले. "बघितलंस?" "काय बघायचं त्यात?" "वळले ना. पडले नाहीत, कडी ओढली नाही. मी हातात घ्यायला लागल्यापासून एकदाही नाही. त्यांना थांबवायचंच नाहीये दादा. आपण सगळे त्यांना थांबवायला बघत होतो. त्यांना फक्त या टोकाला कुणीतरी हवंय."

दादानं कपाळावरचा घाम पुसला. तो वाईट माणूस नव्हता. बाबा पडले त्या दिवसापासून तिचा फोन गेला की तो आधी बाबा बरे आहेत ना, हेच विचारायचा. "आणि तू काय जन्मभर अशी दाराशी ठोकळ्यासारखी बसणार?" तो म्हणाला. तिला एकदम हसू फुटलं; इतकं, की तोही गोंधळून हसला. "मी एकटी नाही," ती म्हणाली. "कॉलेजच्या वेळात मदतनीस बाई बसतील, त्यांना नीट शिकवते. बसवून ठेवायचं नाही, फक्त घ्यायचं. रविवारी तू बस." "मला नाही जमायचं हे. त्यांनी मला ओळखलं नाही, बघितलंस ना? माझ्या आतमध्ये असं होतं..." "होऊ दे की," ती म्हणाली, "आईला होत नव्हतं का? होऊन गेलं की सावरून बसायचं. ते जाऊन येईपर्यंत वेळ असतो." "आणि परत पडले तर?" "पडतीलही," ती म्हणाली. "पण चालताना पडतील." मग दादानं फोन काढून खाली थांबलेल्या गाडीवाल्याला सांगितलं, "आज नाही येत आम्ही. नाही, उद्याचंही नका धरू. मी कळवतो." फोन खिशात टाकला आणि त्यानं बूट काढायला घेतले.

तेवढ्यात पडद्यावर काहीतरी थांबलं. नेहमी धावत असणारी बाद झालेल्या ठोकळ्यांची रांग स्तब्ध झाली होती, आणि मधोमध हेलपाट्या झुलत होता. तो टोकाला गेला, वळला, कचरा टाकला. ठोकळा त्या कचऱ्याला भिडला आणि फुटला, वेडावाकडा झाला, एका कडेनं विझला, दुसऱ्या कडेनं नको तिथं पेटला. मग एकेक चौकट आपल्या शेजारणींकडे बघत परत आपल्या जागी गेली. ठोकळा. जसाच्या तसा. हेलपाट्या परत आला तेव्हा वाट मोकळी होती. पुन्हा गेला. पुन्हा आला. तिच्या अंगावर तोच जुना काटा उभा राहिला आणि डोळे भरून आले. "हे काय आहे?" दादानं वाकून विचारलं. "आई," असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण पावलं वाजली म्हणून तिनं मान वर केली.

बाबा समोर उभे होते. हात रिकामे. त्यांनी स्वतःच्या रिकाम्या तळव्यांकडे पाहिलं, काही आणायचं राहिलं की काय अशा विचारात पडले, ओठ हलायला लागले. आता भीती येणार, असं तिला वाटलं. पण त्यांनी वाकून आपला उजवा हातच तिच्या हातात दिला. रेघा काढून बोटांना पडलेले घट्टे तसेच होते. हलका, कोरडा, कोमट हात. तो सोडवेना. एवढ्या वर्षांत हा हात तिच्या हातात आलाच नव्हता, आणि धरून ठेवला असता तर ते तिथंच बसलेही असते, कदाचित शांतही झाले असते. "सोड," दादा कुजबुजला, "सोड छबे, त्यांना वळायचंय." तिनं बोटं उघडली. बाबा वळले आणि चालू लागले. तिला आतून असा काही हुंदका आला की मांडीवरचा लॅपटॉप कलंडला. दादानं तो धरला. ती गदगदून हलत राहिली, मग पदरानं डोळे पुसले, चष्मा घातला, पाठ सरळ केली. तोवर बाबा गॅलरीतून वळले होते.